राजूरच्या रस्त्यावरचा लाल दिवा

प्रश्न साधा होता. आमचे शेजारी साहेबरावकाका यांच्या गाडीतला ब्रेकचा लाल दिवा जालन्याहून राजूरला जाताना एकाच गावापाशी, एकाच वळणावर का लागतो, आणि इतरत्र का लागत नाही? मी शाळेत विज्ञान शिकवत असे. सतत राहणारा बिघाड सोपा असतो. जो येतो आणि जातो, तो नेमका केव्हा येतो हे आधी पाहावे, असे मी मुलांना सांगत असे. तेव्हा हा प्रश्न सोडून देणे मला शोभले नसते. शिवाय दर चतुर्थीला त्याच गाडीतून मी राजूरच्या गणपतीला जात असे, त्यामुळे माझी जिज्ञासा केवळ शास्त्रीय होती असेही म्हणता येणार नाही.

साहेबरावकाका रस्त्याच्या कामावरचे मुकादम म्हणून निवृत्त झाले होते. उभा जन्म त्यांनी उकरलेल्या रस्त्यांच्या तोंडाशी लाल झेंड्या रोवण्यात घालवला. निवृत्तीनंतर झेंड्या सुटल्या, लाल रंगावरची निष्ठा सुटली नाही. कॉलनीत कुणाच्या घरी टीव्हीच्या स्टॅबिलायझरवर लाल दिवा दिसला, की चहाची बशी खाली ठेवून ते घरमालकाला हाक मारत. तो नेहमीच लागतो, असे उत्तर मिळाले की त्यांचा चेहरा कठीण होई. "दिवा उगंच लागत न्हाई," असे म्हणून ते उठत आणि बटण बंद करीत. कित्येक घरांतल्या मालिका त्यांनी ऐन रंगात आलेल्या असताना अशा रीतीने संपवल्या होत्या.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी एक जुनी, पांढरी, छोटी मोटार घेतली. निघण्यापूर्वी किल्ली अर्धी फिरवून ते समोरच्या दिव्यांची हजेरी घेत. तेलाचा दिवा, बॅटरीचा दिवा, ब्रेकचा दिवा. सगळे लागले पाहिजेत, आणि नंतर सगळे विझले पाहिजेत. "जो लागतच न्हाई, त्याला भ्यावं मास्तर. त्यो मुका झालेला असतो." हे विधान शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे, आणि मी ते वर्गात त्यांच्या नावानिशी सांगितले आहे.

ही निष्ठा इतकी कडक कशाने झाली, हे कॉलनीत सर्वांना ठाऊक होते. त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, आक्कांच्या, मुलीचे लग्न होते. मामाने नवरीला हात धरून बोहल्यावर आणायचे आणि मंगलाष्टके संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभे राहायचे, हा मान काकांचा. त्यासाठी त्यांनी जालन्याहून भाड्याची गाडी केली. गाडीतला लाल दिवा निघाल्यापासून लागलेला होता. ड्रायव्हर म्हणाला, तो रोजच लागतो. आयुष्यभर दुसऱ्यांना लाल झेंडी दाखवणाऱ्या माणसाने त्या दिवशी घाईत मान डोलावली. अर्ध्या वाटेत ब्रेक गेले. गाडी बैलगाडीच्या चालीने मांडवापाशी पोहोचली तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि नवरीच्या पाठीशी भलताच कुणीतरी मामा म्हणून उभा होता. ब्रेक गेल्ते, असे काका सांगत राहिले. आक्कांनी ते कारण मानले नाही. भरल्या मांडवात त्या म्हणाल्या, "आजपासून माझ्या दारात पाय ठेवायचा न्हाई." काकांनी तो शब्द पाळला. आक्काही बोलल्या नाहीत. बघता बघता भाचीची मुले शाळेत जाऊ लागली.

आणि ब्रेकचा दिवा लागे तो नेमका आक्कांच्या गावातल्या वळणावर. वळण संपते तिथे रस्त्याला लागूनच कडुलिंबाचे झाड, त्यामागे आक्कांचे अंगण. "लागला बघा," असे म्हणून काका गाडी लिंबाच्या बाजूला घेत, बॉनेट उघडत आणि त्यात डोके घालून बराच वेळ उभे राहत. आक्का अंगणाच्या कडेला येत, पण बोलत माझ्याशी.

"मास्तर, इचारा त्यांला, काय झालं म्हणावं गाडीला."

"सांगा तिला, तेल तपासून राह्यलो."

"म्हणावं, पहिल्यांदाच तपासलं असतं तर बरं झालं असतं."

काकांचे डोके बॉनेटमध्ये आणखी खाली जाई. मग आक्का गाडीसाठी म्हणून तांब्याभर पाणी पाठवत. या दिव्याचा पाण्याशी काही संबंध नसतो हे मला माहीत होते. काका ते पाणी स्वतः पीत.

मी पद्धतशीर तपास आरंभला. असा दिवा वळणावर लागला, तर पहिला संशय ब्रेकच्या तेलावर घ्यावा. डबीतले तेल कमी असले की वळणावर ते कलते, आतला तरंगता भाग खाली बसतो आणि दिवा लागतो. मी डबी पाहिली. तेल वरच्या खुणेपर्यंत होते. तरीही त्याच बाजूच्या इतर वळणांवर लक्ष ठेवले. दिवा लागला नाही. मग वायर सैल असेल, म्हणून एमआयडीसीजवळच्या एका मेकॅनिककडून सर्व जोड हलवून घेतले. ब्रेकचे घासपट्टेही पाहिले. सारे ठीक होते. मेकॅनिकने काकांकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहून, चालवतंय कोण, एवढेच विचारले. तो प्रश्न मी गांभीर्याने घ्यायला हवा होता.

पुढच्या चतुर्थीला मी, नेहमीसारखा मागे न बसता, काकांशेजारी पुढे बसलो. दोन आसनांच्या मधल्या हँडब्रेकच्या दांडीवर काकांचे उपरणे नेहमी पांघरलेले असे. धूळ बसते, असे ते म्हणत. त्या दिवशी वाऱ्याने ते माझ्या मांडीवर आले आणि मी त्याची घडी घालत बसलो. वळण आले. काकांनी वेग कमी केला. त्यांचा डावा हात दांडीवर गेला आणि दांडी जेमतेम एक खटका वर आली. तेवढ्याने गाडी थांबत नाही, पण दिवा लागतो. कारण हँडब्रेक आणि तेल या दोन्हींसाठी तो एकच दिवा असतो.

मी काकांकडे पाहिले. ते रस्त्याकडे पाहत होते.

"दिवा लागला का न्हाई?"

"लागला."

"मंग."

गाडी लिंबापाशी उभी राहिली. बॉनेट उघडले. आक्का कडेला आल्या, पण त्या दिवशी त्यांनी निराळेच विचारले. "मास्तर, इतक्या चतुर्थ्या झाल्या. ही गाडी दुरुस्त होती का न्हाई? खरं सांगा."

बॉनेटमधली हालचाल थांबली. दुरुस्त आहे म्हणावे, तर इथे थांबण्याचे कारण संपणार होते. बिघडली आहे म्हणणे खोटे होते. मी शिक्षकाला शक्य तितके नेमके उत्तर दिले. "ब्रेक अगदी चांगले आहेत, आक्का. दिवा मात्र खरोखर लागतो. आणि तो फक्त इथंच लागतो."

आक्कांनी त्या उघड्या बॉनेटकडे पाहिले. मग पदर सावरून म्हणाल्या, "सांगा त्यांला, गाडी उन्हात कशाला? अंगणात घ्या. मी पाय ठेवायचा न्हाई म्हणले होते. चाकाचं काही बोलले न्हाई."

काकांनी बॉनेट लावले ते दोनदा लावावे लागले. गाडी अंगणात आली. मी उतरलो, काका उतरले नाहीत. शब्द म्हणजे शब्द. दार उघडून, दोन्ही पाय आत आखडून ते आसनावर तसेच बसून राहिले. आक्कांनी चहा गाडीपर्यंत आणला आणि कप त्यांच्या हातात देताना, मधे मला न घालता, थेट त्यांना म्हणाल्या, "ह्यो तरी येळेवर पी."

किल्ली फिरवून बंद करायची राहून गेली होती आणि हँडब्रेक पुरता ओढलेला होता, म्हणून समोर लाल दिवा ठळक जळत होता. मी सवयीने म्हणालो, "काका, दिवा लागलाय."

"लागू द्या," काका म्हणाले. त्यांनी तिकडे पाहिलेही नाही.

वाचकांना एक विनंती आहे. ब्रेकचा दिवा मधूनच लागत असेल तर आधी तेलाची पातळी पाहावी, मग हँडब्रेकची दांडी पूर्ण खाली आहे ना ते पाहावे, आणि तरीही दिवा लागला तर गाडी पुढे न नेता जाणत्याला दाखवावी. माझ्या शब्दावर विसंबू नये. आपल्या गाडीत स्वतः तपासावे. राजूरला जाणे झालेच, तर त्या वळणावर लिंबामागच्या अंगणात चाकांच्या दोन खोल चाकोऱ्या पडल्या आहेत, त्याही पाहून घ्याव्यात.