दुसरा रकाना कोरा

माणूस कशाने मेला हे वैद्याला समजतं, देवाला समजतं. पण ठरतं ते नोंदवहीत. एवढं मान्य केलं की काळूराम गोजर यांच्या कर्तबगारीबद्दल शंका उरत नाही.

काळूराम हे मुरबाडकडच्या एकवीस गावांचे सरकारी देवी काढणारे, म्हणजे देवीची लस टोचणारे. पाड्यांवर त्यांना 'टोच्या' म्हणत (मागून). सन १९३८ संपायला महिना उरला तेव्हा त्यांना मिळायचं होतं ते असं: शहापूरला बदली, हुद्द्यात एक पायरी, आठवड्याची सव्वीस मैलांची पायपीट माफ, आणि खर्डीच्या सासुरवाडीला आगगाडीने उतरण्याचा मान. (चालत येणाऱ्या जावयाला तिथे अंड्यावर भागवत, कोंबडी कापत ती गाडीने येणाऱ्याला.) अट एकच. मृत्यूच्या नोंदवहीतला दुसरा रकाना लागोपाठ तीन वर्षं कोरा हवा. दोन वर्षं अकरा महिने तो कोरा होता.

रकाने सात: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, इजा, इतर. वही पोलीस पाटलाच्या ताब्यात. धाऊ पाटलांची सही झोकदार होती, म्हणून सही ते करीत. बाकीचं काळूराम लिहीत.

मार्गशीर्षात टोकाच्या पाड्यावर काहीतरी आलं. रोग आला असं कुणी म्हणालं नाही. तसं म्हणत नाहीत. बाया पाहुण्या आल्या म्हणतात, दाराला लिंबाचा डहाळा बांधतात, घरात फोडणी देत नाहीत आणि अंगभर फोड आलेल्या पोराशी अदबीने बोलतात. या चालीबद्दल काळूरामांना मनापासून आदर होता.

"काय झालंय पोराला?" ते उंबऱ्याबाहेरून विचारत.

"बाया आल्यात."

वहीत बायांना रकाना नव्हता. आणि सातव्या रकान्याची सोय सरकारने उगाच केलेली नाही.

पुढे त्यांचा हात बसला. नथूच्या पोराला फोडांच्या आधी ताप होता. जत्रेच्या रांगेतसुद्धा आधी येईल त्याला आधी जागा, म्हणून ताप. बारकूच्या घरातला मयत ताप. कमळूची म्हातारी भ्रमात ओट्यावरून पडली: इजा. पंधरा दिवसांत पाच मयत. ताप दोन, इजा एक, हगवण एक, इतर एक, देवी शून्य. दुसऱ्या रकान्यापुरतं पाहिलं तर (काळूराम तेवढंच पाहत) पाड्याची प्रकृती उत्तम होती.

तक्रार कुणाचीच नव्हती. दुसऱ्या रकान्यात एक नाव चढलं की म्हसा गावची पौषी पुनवेची जत्रा बंद होणार, आणि धाऊ पाटलांची बैलजोडी पेंड खाऊन जत्रेसाठीच तयार झाली होती. पाड्यावरच्यांनाही आपापली जनावरं विकायची होती.

तक्रार आली ती सहाव्या मयताला. बाईजाची नऊ वर्षांची जिवली आदल्या दिवशी गेली होती. मागे राहिली होती चार वर्षांची राही. तिला कडेवर घेऊन बाईजा पाटलांच्या ओट्यावर आली.

"दादा, माजी जिवली दुसऱ्या घरात लिव."

"का गो? दुसऱ्यात काय सोनं ठेवलंय?"

"तिथं लिवलं का मुंबयवरून लस येते. आमच्या पाड्यावरचा कोंडू बोलला. पाड्यावर चौदा पोरं हायत. माज्या राहीच्या दंडावर काय पन नाय."

काळूरामांनी पिशवीतून दुसरी वही काढली. पाड्याची चढण उभी असल्यामुळे तिथल्या पोरांना त्यांनी खालूनच टोचलं होतं, म्हणजे वहीत. "हे बघ. राही, वय चार. डाव्या दंडावर दोन वण. यशस्वी."

"वहीतल्या दंडावर आसतील. ह्यो बघ ना. तिचाच दंड हाय ह्यो."

काळूरामांनी पाहिलं नाही. पुराव्यात घोळ नको.

"बरं, दुसऱ्यात लिहितो. पण काय झालं होतं ते तोंडाने सांगावं लागतं. बाया आल्या, हे चालायचं नाय."

ही अट त्यांनी निर्धास्तपणे घातली. त्या डोंगरावर आजवर एकाही आईने तो शब्द तोंडातून काढला नव्हता. बाईजाने राहीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"देवीचा आजार झालता. कोन पावनी नव्हती आली. आजार व्हता, त्यानं माजी पोर मारली. लिव आता."

ओट्यावरच्या माणसांनी कानांना हात लावले. धाऊ पाटलांना बैल आठवले.

काळूराम शब्दाचे पक्के होते. त्यांनी लिहिलं, दुसऱ्याच रकान्यात, पूर्ण नावानिशी. बाईजाने वहीवर बोट ठेवून घरं मोजली: एक, दोन. समाधानाने ती उठली. तारखेचं घर पानाच्या दुसऱ्या टोकाला होतं, आणि तारीख जानेवारीतली, पौषी पुनवेनंतरची होती.

अशा रीतीने जिवली सरकारदरबारी आणखी बावीस दिवस जगली. तेवढ्यात वर्ष कोरं संपलं आणि म्हशाची जत्रा थाटात भरली. एवढं आयुष्य कुठल्याही वैद्याने कुणाला मेल्यावर दिलेलं नाही.

लस आली जानेवारीच्या अखेरीस. चौदांपैकी सहा पोरांना ती अजून उपयोगी होती. त्यांत राही नव्हती. तिची नोंद करताना थोडी अडचण पडली, कारण दंडावर दोन वण असलेलं मूल देवीने मरू शकत नाही. इतर.

आता हिशेब. काळूरामांना शहापूर मिळालं आणि खर्डीत कोंबडी कापली गेली. पाटलांच्या जोडीला एकशे दहा रुपये आले. सरकारला तीन वर्षांचं शून्य मिळालं, ते त्याने अहवालात ठळक छापलं. पाड्याने ठरवलं की नाव घेतल्यामुळे बाया कोपल्या, आणि पुढच्या आठही मयतांचा दोष एकट्या बाईजाच्या नावे लिहून तिचं पाणी बंद केलं.

राहिले तुम्ही. 'जुन्या काळच्या अडाणी लोकांची गोष्ट' म्हणून तुम्ही ही एव्हाना कुठेतरी टाकलीच असेल. तो सातवा रकाना. तिथे लिहायला काळूरामांना निदान शाई तरी लागायची. तुम्हाला तीही लागली नाही. तुमच्या आणि त्यांच्या, दोघांच्या वतीने बाईजाने भरलं: मुली दोन.