पायरीच्या पाटीचा समतोल

"सूनबाई, पाटी रंगवून झाली की तिच्याकडे रंगारी म्हणून बघू नकोस. ज्याला घाई आहे, ज्याचा चष्मा घरी राहिलाय, त्याच्या जागी उभी राहून बघ. त्याला कळली तर पाटी. नाहीतर रंग फासलेला पत्रा."

सासऱ्यांना जाऊन बारा वर्षं झाली, तरी डब्याचं झाकण उघडताना रंगारीणबाईंच्या कानात आधी हे वाक्य येई आणि मग नाकात रंगाचा वास. सासऱ्यांचीच नोकरी त्या पुढे चालवत होत्या: डोळ्यांच्या सरकारी रुग्णालयात पाट्या रंगवण्याची.

या रुग्णालयाच्या दर्शनी दालनात एक पायरी होती. एकच. जुनी इमारत नव्या इमारतीला जोडताना वीतभर फरक राहिला, आणि तो कोणाच्या कारकिर्दीत राहिला यावर एकमत न झाल्यामुळे तो जपून ठेवण्यात आला. डोळ्यांत थेंब घातलेली, एका डोळ्यावर पट्टी बांधलेली माणसं तिथून जात. म्हणजे आधी खाली जात आणि मग तिथे पायरी आहे हे त्यांना समजे. आठवड्याला सरासरी सहा.

शेवटी 'पुढे पायरी आहे' अशी पाटी तातडीने करण्याचा आदेश निघाला. रंगारीणबाईंनी ती तासाभरात केली. पिवळी जमीन, काळी ठसठशीत अक्षरं. त्यांना स्वतःलाही घाई होती. पुढच्या महिन्यात सासूबाईंच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया याच रुग्णालयात होती, आणि पट्टी सुटल्यावर म्हातारीला याच दालनातून बाहेर पडायचं होतं.

दुर्दैवाने त्याच सुमारास अधीक्षकसाहेब दृश्यकलेच्या तीन दिवसांच्या शिबिराला जाऊन आले होते. गेले तेव्हा बरे होते. परत आले ते एक सल्लागार आणि एक छापील तक्ता घेऊन. तक्त्यात कलेचे सात घटक होते: रेषा, आकार, घनरूप, रंग, छटा, पोत, अवकाश. त्याखाली सहा तत्त्वं होती: समतोल, लय, प्रमाण, विरोध, प्रभुत्व, एकसंधता. प्रत्येकापुढे एक सही. तेरा सह्यांशिवाय यापुढे एकही पाटी भिंतीवर चढणार नव्हती.

सल्लागारांनी पाटीकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

"बाई, ही पाटी ओरडते."

"हो सर. इथे येणाऱ्यांना जरा कमी दिसतं ना, म्हणून मोठ्याने बोलते."

"कला कुजबुजते, बाई."

रंगारीणबाई वाद घालणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी पाटी घरी नेली. रंगाच्या सहीसाठी पिवळ्याची राखाडी झाली, कारण भिंत राखाडी होती आणि एकसंधता बिघडत होती. विरोधाच्या सहीसाठी अक्षरंही राखाडीच झाली, एका छटेने गडद. त्या छटेची सही मिळेना म्हणून अर्ध्या छटेने. प्रमाणासाठी अक्षरं बोटभर उरली. अवकाशाच्या सहीसाठी पाटीचा तीन चतुर्थांश भाग रिकामा ठेवावा लागला. "रिकाम्या जागेतच खरा आशय असतो," असं सल्लागार म्हणाले, आणि कार्यालयातल्या सर्वांना ते पटलं.

समतोलावर गाडी अडली.

"वाक्य एका बाजूला झुकतंय," सल्लागार म्हणाले. "डावीकडे 'पुढे पायरी आहे'. ठीक. मग उजवीकडे काय?"

"उजवीकडे काही नाही, सर. पायरी एकच आहे."

"तसं लिहा की!"

अशा रीतीने पाटीवर, अगदी मोजून मापून, दोन बाजूंना दोन वाक्यं आली: 'पुढे पायरी आहे' आणि 'मागे पायरी नाही'. बाराव्या सहीपर्यंत शस्त्रक्रियेची तारीख आठवड्यावर आली होती.

मग पाटी लावायची कुठे, हा प्रश्न निघाला. रंगारीणबाई म्हणाल्या, पायरीपाशी. सल्लागार हसले. रागावले नाहीत, ही त्यांची मोठी कृपा.

"पायरीपाशी लावली तर लोकांचं लक्ष पायरीकडे जाईल, बाई. रचनेकडे कोण बघणार?"

उजेड चांगला म्हणून समोरची भिंत ठरली. आता पाटी बघणाऱ्याची पाठ पायरीकडे येत होती. प्रभुत्वाची सही तत्काळ मिळाली, कारण त्या भिंतीवर दुसरं काहीच नव्हतं.

अनावरणाला वरच्या कार्यालयातले संचालक आले. पडदा बाजूला झाला. संचालकांनी बराच वेळ भिंतीकडे पाहिलं. पाटी कुठे आहे, हे विचारण्याचं धाडस त्यांना झालं नाही.

"सर, जरा दोन पावलं मागे येऊन बघा," सल्लागार अदबीने म्हणाले. "एकसंधता लांबूनच जाणवते."

संचालक एक पाऊल मागे आले. दुसरं पाऊल जमिनीला लागलं नाही.

खाली बसल्या बसल्या, घोटा धरून, ते म्हणाले, "इथून तर फारच सुरेख दिसते." टाळ्या झाल्या. अधीक्षकसाहेबांनी लगेच नोंद केली की बसून बघण्याचा कोन अधिक परिणामकारक आहे.

पुढच्या आठवड्यात एकोणीसजण पडले. पूर्वी फक्त ज्यांना दिसत नसे ते पडत. आता चांगलं दिसणारेही पडू लागले. चौकशी झाली. अहवालात म्हटलं होतं की पाटी निर्दोष असून पायरीची रचना तिच्याशी विसंगत आहे. पडण्यांमध्ये मात्र एक सुखद लय आढळते. पडलेल्यांच्या अभिप्रायवहीत सतराजणांनी 'अप्रतिम' लिहिलं होतं. उरलेल्या दोघांच्या मनगटांना प्लास्टर होतं.

रंगारीणबाई अधीक्षकसाहेबांच्या दारात उभ्या राहिल्या.

"साहेब, पायरीच्या कडेला एक पिवळी रेघ ओढू का? पाटी आहे तिथे राहू दे."

"रेघ?" साहेबांनी तक्ता पुढे ओढला. "रेघ हा पहिलाच घटक आहे, बाई. नवीन अर्ज करा. पुढच्या महिन्यात बैठक आहे."

"माझ्या सासूबाईंची पट्टी उद्या सुटतेय, साहेब."

"वा! मग पाटी बघतील की."

त्या तशाच वॉर्डात गेल्या. सासूबाई एका डोळ्यावर पांढरी पट्टी बांधून, दुसऱ्या धूसर डोळ्याने छताकडे बघत पडल्या होत्या.

"आलीस? अगं, शेजारच्या खाटेवरची सांगत होती, खाली फार देखणी पाटी लावलीय. तूच रंगवलीस म्हणे."

"हो, आई."

"काय लिहिलंय गं तिच्यावर?"

"पायरी आहे, असं लिहिलंय."

"मग पायरीवरच काहीतरी करायचं ना. भिंतीला कोण अडखळतंय?"

रंगारीणबाईंनी मनातल्या मनात तेराही रकाने तपासले; पायरीचा त्यांत नव्हता.

"आणि हे बघ," सासूबाई पुढे म्हणाल्या, "उद्या सगळ्यांसमोर माझा हात धरून नेऊ नकोस. दिसायला लागावं म्हणून तर एवढा खटाटोप केला. माझी मी चालत जाणार आहे."

"नाही धरणार, आई. पण पायरी तुम्हाला दिसेल. हा माझा शब्द."

"बघ हो. तुझ्या भरवशावर पाऊल टाकणार आहे मी."

त्यांनी सासूबाईंच्या अंगावरची चादर सारखी केली. मग भांडारात जाऊन पिवळ्याचा डबा हलवून पाहिला, एक रुंद ब्रश घेतला आणि जिना उतरल्या.

भेटीची वेळ होती. दालनात दहा-बाराजण माना उंचावून भिंतीसमोर उभे होते. कोणी अवकाशाबद्दल बोलत होतं, कोणी समतोलाबद्दल. अक्षरं कोणालाच लागत नव्हती, पण तसं आधी बोलून कोण दाखवणार? ब्रश घेतलेली बाई मध्ये आलेली पाहून एक सभ्य गृहस्थ म्हणाले, "अहो बाई, जरा बाजूला व्हा. रचना झाकली जातेय."

ते गृहस्थ तुम्ही नव्हता, हे मान्य. तुम्ही त्यांच्या मागच्या रांगेत होता, आणि नीट दिसावं म्हणून एक पाऊल मागे घेण्याच्या बेतात होता.

रंगारीणबाई बाजूला झाल्या. कोणाला धक्का लागू न देता, डबा हिंदकळू न देता, त्या पायरीच्या दिशेने चालू लागल्या.