वर्णनखुणेच्या मोडणीची हकीगत

श्री. ज्यास दिसते त्यास सुबुद्धी असो, ज्यास दिसत नाही त्यास सांगणारे कोणी असो. शके एकोणीसशे एकतीस, विरोधी नाम संवत्सर, ते समयीं जाळ्याच्या राज्यात पानांच्या खुणांवरून जो कलह माजला, आणि त्यात त्र्यंबक भानू मोजणीदार यांचे हातून जे घडले, ते कोणाची भीड न धरिता लिहिले आहे.

त्या राज्यास तट नाही, वेस नाही. मुलूख अवघा पानांचा. कोणी दुकान मांडी तो पानावर, कोणी भांडे तोही पानावरच, आणि पान लोकांस दिसावे तर झरोक्यातून, व झरोके चौघा सरदारांचे. पान लिहिणाराने आत खुणा घालाव्या, येथे मथळा, येथे यादी, येथे चित्र, आणि झरोक्याने खूण ओळखून तैसे दाखवावे, ऐसी रीत. खुणा कोणत्या व त्यांचा अर्थ काय, हे ठरविणारी सभा होती. तिचे मुख्य जनार्दनशास्त्री पुंडे, बहुत विद्वान. त्यांनी दहा वर्षे खपून शुद्ध पद्धती सिद्ध केली की, पानात एक खूण चुकली तरी झरोक्याने ते पान उघडूच नये. सर्वांनी माना डोलाविल्या, आणि त्याप्रमाणे पान मात्र कोणी लिहिले नाही. मग सरदारांत थोरले सुभानराव घारगे सभेतून उठोन गेले आणि त्यांनी निराळा मसुदा मांडिला की, लोक लिहितात तेच प्रमाण. चालते ती खूण ठेवावी, चालत नाही ती काढावी, चुकले असेल ते झरोक्याने सावरून घ्यावे. शास्त्रीबावा बोलिले, "हे प्रमाण नव्हे, हा आळस." सुभानराव बोलिले, "शास्त्रीबावा, तुमच्या प्रमाणाने तुमचेच पान परवा उघडले नाही. आम्हीच आमच्या झरोक्यातून दाखविले." सभा हसली, आणि त्या हशात शास्त्रीबावांचे दहा वर्षांचे काम बुडाले. मग अवघे सुभानरावांच्या मसुद्यास मिळाले आणि त्यास सहा वर्षे लागली. एका खुणेस नाव काय द्यावे यावरच सातशे पत्रे जाहाली.

त्या जुन्या खुणांत एक वर्णनखूण होती. चित्राचे पाठीमागे ती घालावी, म्हणजे अंधास त्या चित्राचे सविस्तर वर्णन असलेल्या दुसऱ्या पानावर नेई. अंधांचा झरोका बोलका असे, तो पान वाचून ऐकवी. डोळसास ही खूण दिसतच नसे, म्हणून तीस पुसणाराही कोणी नसे. सुभानरावांनी आज्ञा केली की, ही किती पानांत आहे ते मोजा, आणि मोजणी त्र्यंबकपंतांकडे आली. पंत हुशार, मितभाषी, आकड्यास पक्के. त्यांची वडील बहीण गोदाक्का नवव्या वर्षी तापात दृष्टीस मुकली होती, आणि अंधशाळेत शरीरशास्त्र शिकवीत असे. चारशे बारा चित्रांची वर्णने तिने केली होती. पंतांनी चित्र पाहून सांगावे आणि तिने खोदखोदून पुसावे, ऐसे. एका हृदयाच्या चित्रास चार दिवस लागले. "झडप कोणीकडे उघडते?" "खाली." "खाली म्हणजे पायांकडे की कागदाच्या खाली? तू कागद सांगतोस, मी माणूस पुसते." मग पंतांनी पुन्हा पाहावे आणि पुन्हा सांगावे. ती सर्व पाने शाळेच्या कुलपाआड होती, आणि परवलीचा शब्द आक्का व विद्यार्थी यांखेरीज एका पंतांसच ठाऊक होता.

पंतांनी दहा लक्ष पाने मोजिली. हजारांत एकास वर्णनखूण निघाली, आणि त्यांतही निम्म्यांत भलतेच भरलेले. आकडा हुजूर गेला, आणि सुभानराव पंतांच्या पाठीवर हात ठेवून बोलिले, "चोख काम. मसुद्याच्या पहिल्या पानावर तुमचे नाव घालितो." घरी आक्काने पुसिले, "आमची शाळा मोजलीस का रे, त्र्यंबका?"

"कुलपाआड आहे, आक्का. उघडीच पाने मोजावी ऐसा नियम."

"नियम कोणाचा?"

"माझाच."

"आणि किल्ली?"

पंतांनी आकड्यांचा कागद घडी करून ठेविला. आक्का बोलिली, "ज्यांस वर्णन लागते ते शाळांत असतात आणि शाळांस कुलपे असतात. तू बाजार मोजलास आणि इस्पितळात कोणी आजारी नाही म्हणून लिहून दिलेस." पंत बोलिले की, आपल्याच बहिणीची पाने आपणच मोजली तर लोक पक्षपात म्हणतील. ती बोलिली, "हो, मोठा निःपक्षपाती तू. लहानपणी माझ्या वाटणीचा खाऊ खाऊन असाच चेहरा करायचास. मला दिसत नसे, तरी कळे."

मग आक्काने सभेस आपले पत्र धाडिले. उत्तर आले की, एकटीचे पत्र हे उदाहरण, मोजणी हे प्रमाण. आता त्या सभेची रीत ऐसी होती की, काढावयाची खूण सात दिवस फळ्यावर लावावी, आणि त्या मुदतीत जो बोलणार नाही त्याची संमती लिहावी. वर्णनखूण फळ्यावर लागली. आक्का पंतांस बोलिली, "मला काही देऊ नकोस. एक ओळ लिही, की कुलपाआडची पाने मोजली नाहीत. खरे आहे तितकेच लिही." पंतांनी बरे म्हटले. पहिले दोन दिवस शब्द जुळविण्यात गेले. तिसरे दिवशी सुभानरावांनी बोलावून नेले आणि सहज बोलिले, "मोजणीदारच मोजणी अपुरी म्हणू लागला तर सहा वर्षांचा मसुदा उलगडेल, आणि शास्त्रीबावा आपली शुद्ध पद्धती घेऊन परत उभे राहतील. तुम्ही काही लिहिणार ऐसे कानी आले. लिहा हो, मोकळेपणे लिहा." पंत परत आले आणि ओळ पुन्हा वाचिली, ती त्यांस कठोर वाटली; मग मृदू केली, तो निरर्थक वाटली; मग पुन्हा कठोर केली आणि न धाडिता राहू दिली. सातवे दिवशी दोन प्रहरी मुदत सरली. दप्तरी लिहिले गेले की, हरकत एक, संमती तीनशे चव्वेचाळीस. त्या संमतीत पंत होते.

शके एकोणीसशे छत्तीस, जय नाम संवत्सर, मसुदा प्रमाण जाहाला आणि नवे झरोके निघाले. त्यांनी वर्णनखूण ओळखणे सोडिले. आक्काची चारशे बारा वर्णने जागच्या जागी राहिली. तेथवर जाणारी वाट मात्र मोडली. शाळेत विद्यार्थ्यांनी पाठ उघडावा तो बोलका झरोका "चित्र" म्हणे, पुढे सरकावे तो पुन्हा "चित्र" म्हणे. आक्काने तोंडी सांगून एक वर्ष काढिले. परीक्षेस अकरा बसले, त्यांतले नऊ आकृतीच्या प्रश्नांत राहिले. मग शाळेने शरीरशास्त्र बंद केले आणि आक्काच्या स्वाधीन प्रार्थनेची पेटी केली. ती पेटी वाजवू लागली. पंतांस तिने बोल लाविला नाही, आणि ते त्यांस फार जड गेले.

प्रमाणाच्या वर्षपूर्तीस सभेने जाहीरनामा काढिला, तो चित्ररूपाने. आक्काच्या झरोक्याने "चित्र" म्हटले आणि तो गप्प जाहाला. तिने पंतांस हाक मारिली. "ये बाबा, सांग. काय आहे?"

पंत जवळ बसले आणि बोलिले, "सभेचे लोक आहेत. चाळीसेक. दोन रांगांत उभे. मधोमध सुभानराव, गळ्यात हार. खाली लिहिले आहे, सर्वांसाठी एक प्रमाण."

"शास्त्रीबावा?"

"कडेला. खुर्चीवर बसविले आहेत."

"आणि तू कोठे आहेस?"

पंत दुसऱ्या रांगेत, सुभानरावांच्या उजव्या खांद्यामागे, हासत उभे होते. ते चित्राकडे पाहत राहिले आणि बोलिले, "मी त्यात नाही, आक्का."

ती बोलिली, "बरे. तू सांगतोस तेच मला दिसणार." आणि पेटीचा भाता ओढून बसली.

येणेप्रमाणे वर्णनखूण मोडली. एकूण बेरीज: मोजिली पाने दहा लक्ष, न मोजिली चारशे बारा, हरकत एक. पंत पुढे सभेत थोर पदास चढले आणि मोजणी त्यांचीच प्रमाण मानिली जाते. लिहिणाराने पाहिले तितके लिहिले. जे कुलपाआड राहिले त्याची जबाबदारी लिहिणारावर नाही, ऐसे तो म्हणतो.