कॅचरअप्पांची पक्की जागा

समस्त सोलापूरकरांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, बेसबॉल या खेळातील एक युगपुरुष आपल्या शहरात हयात असून त्यांनी आपल्या चिरविश्रांतीची जागा स्वतः जाऊन निवडली आहे. तरी सर्वांनी याची नोंद घ्यावी, आणि जमल्यास बेसबॉल म्हणजे काय, हेही कुणाला तरी विचारून ठेवावे.

युगपुरुषांचं नाव चनबसप्पा. एसटीच्या डेपोत टायर मोजून निवृत्त झाले. सगळी कॉलनी त्यांना कॅचरअप्पा म्हणते. तोंडावर आदरानं, पाठीमागे पोट धरून.

हा माणूस खुर्चीवर बसत नाही. खुर्ची दिली तर तिच्यावर चढतो आणि उकिडवा बसतो. बँकेत उकिडवा, न्हाव्याकडे उकिडवा, लग्नात वधूवरांच्या अगदी समोर उकिडवा. सात रस्त्याजवळ माझं चष्म्याचं दुकान आहे. तिथं एकदा हे काउंटरपुढच्या स्टुलावर असे बसलेले असताना एक बाई डोळे तपासायला आल्या, दारातूनच अप्पांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही आधी ह्यांचं बघा, मी उद्या येते."

का बसतात असं? तर म्हणे तरुणपणी ते बेसबॉलमध्ये कॅचर होते. या खेळात एकानं बॉल टाकायचा, त्याला पिचर म्हणतात. दुसऱ्यानं दांडक्यानं मारायचा. त्याचा नेम चुकला की त्याच्या मागं उकिडवं बसून ज्यानं झेलायचा तो कॅचर. आमच्याकडे या कामाला विकेटकीपर म्हणतात आणि तो संध्याकाळी घरी जाऊन सरळ बसतो.

अप्पांची सगळी कीर्ती एका सामन्यावर उभी आहे. समोरच्या संघाचा गडी सगळं मैदान फिरून घरात, म्हणजे अप्पांच्या पायाशी, घुसायला आला आणि अप्पांनी त्याला तिथंच बाद केला. "घरात शिरला तरच रन! बाहेर किती का पळंना, त्याला कोण इचारतो? कॅचरनं घर सोडायचं न्हाय!" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणू शकेन. या पराक्रमाचा पुरावा म्हणून त्यांच्या भिंतीवर एक फोटो आहे. फोटोत धुळीचा एक प्रचंड लोट आहे आणि त्या लोटातून एक पाय बाहेर आलाय.

"ह्यात तुम्ही कुठं आहात?" मी विचारलं.

"त्यो पाय माजा," अप्पा म्हणाले.

"कशावरून?"

"हौदु, ह्यांचाच हाय," स्वयंपाकघरातून गौराक्कांनी कानडी 'हो' भरून साक्ष दिली. अक्का माहेरच्या अक्कलकोटच्या. तो सामना झाला तेव्हा त्यांचं अप्पांशी लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. पण साक्ष खणखणीत.

अप्पांजवळ चामड्याचा एक भलामोठा ग्लोव्ह आहे. करडईचं तेल लावून लावून तो इतका काळा झालाय, की कावळ्यांनाही तो आपल्यातलाच वाटावा. तो घेऊन ते दुकानात यायचे, स्टुलावर बसायचे आणि तेल चोळायचे. एकदा मला राहवलं नाही.

"अप्पा, ग्लोव्ह रोज बघतो. बॉल कधी दिसला नाही तो?"

त्यांनी माझ्याकडे अडाण्याकडे बघावं तसं बघितलं. "बॉल पिचरकडं असतो. कॅचरकडं असतो व्हय कुटं?"

घ्या! म्हणजे बॉल नाही, मैदान नाही, संघ नाही आणि फोटोत तोंड नाही. तरी हे युगपुरुष!

त्यातून त्यांना बोटं दाखवायची खोड. बसल्या बसल्या उजवा हात दोन्ही गुडघ्यांच्या मधे न्यायचा आणि कधी एक, कधी दोन बोटं खाली काढायची. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी अशीच तंद्रीत दोन बोटं काढली आणि वाढप्यानं आमटीच्या दोन वाट्या ठेवल्या. पुन्हा काढली, पुन्हा दोन आल्या. शेवटी यजमानांनीच हात जोडले.

आता कॉलनीचं एक गुपित सांगतो, कारण ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. अप्पांची गच्ची आमच्या ओळीत सगळ्यात उंच. रोज संध्याकाळी तिकडून आवाज यायचा. थप्प! मग अक्कांचं ओरडणं, "हं, ह्ये घ्या!" पुन्हा थप्प! आणि मग अप्पांचा एक बारीकसा "अगागा". गच्चीवर जाताना अप्पा भर मे महिन्यात सोलापुरी चादर छातीपोटाला गुंडाळून, वर दोरी बांधून जायचे. आमच्यासारख्या चार शहाण्यांनी मिळून याचा अर्थ लावला. अक्का नवऱ्याला बडवतात, आणि ते बिचारे चादर बांधून जातात, दुसरं काय? धिप्पाड बाई होती. मनगट बघून कुणाचीही खात्री पटावी.

तीन-चार वर्षांपूर्वी अक्का गेल्या. आवाज बंद झाला. कॉलनी हळहळली, आणि हळहळता हळहळता म्हणाली, अप्पा सुटले एकदाचे.

सुटलेले अप्पा मात्र उकिडवे बसायचे ते आणखीच वाकून बसायला लागले.

मग यंदा त्यांच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी बायपास सांगितली आणि उशीर करू नका म्हणून बजावलं. अप्पांनी भलतंच काढलं. "जागा पक्की झाल्याबिगर टेबलावर चढणार न्हाय."

कसली जागा? तर शेवटची. अप्पा लिंगायत. त्यांच्यात माणसाला जाळत नाहीत, पुरतात. आणि आडवं नाही, मांडी घालून बसवतात. "आमच्यात शेवटीबी बसवत्यात," अप्पा मोठ्या ऐटीत सांगायचे, "मी तर कवापासनं प्रॅक्टिस करतोय!"

दुखणं वाढायला लागलं, अप्पा हलेनात. पोरबाळ नाही. कॉलनीनं मग बोलघेवडा माणूस म्हणून मला पुढं घातलं. एका सकाळी मी त्यांना स्कूटरवर बसवून रुद्रभूमीत, म्हणजे लिंगायतांच्या दफनभूमीत, नेलं. स्कूटरवरही ते मागं उकिडवे बसायला बघत होते. मी दम दिला.

तिथं स्वामी आमची वाटच बघत होते. तिथले अंत्यविधी तेच करतात आणि जागाही तेच नेमून देतात. आवाज असा की बोलले की झाडावरचे पक्षी उठावेत. अक्कांनाही त्यांनीच बसवलेलं.

"अप्पा, जागा घ्या की! मी कुटं न्हाय म्हनलो?" स्वामी म्हणाले. "अक्कांच्या शेजारी मोकळीच हाय."

"शेजारी नको. समोर पायजे."

अप्पांनी दाखवलेली जागा अक्कांच्या समाधीच्या नाकासमोर होती. पण चिकटून नाही, मधे चांगली मोकळी पट्टी सोडून. मी स्वामींच्या कानात म्हणालो, "लांबूनच बरं वाटत असेल. हातापासून दूर." स्वामी मिशीत हसले. गच्चीची कीर्ती त्यांच्यापर्यंतही पोचलेली होती.

"बरं, समोर घ्या. पर तोंड पूर्वेला."

"न्हाय. माजं तोंड पश्चिमेला. तिच्याकडं."

"अहो, हितं सगळे पूर्वेला तोंड करून बसल्यात. अक्कासुदिक. तुमी एकटेच उलटं बसणार? लोक म्हनतील, स्वामीला दिशा कळंना."

"मग ऱ्हाऊ दे. मी दवाखान्यात जात न्हाय."

"अप्पा, हट्ट करू नका," मी म्हणालो. "मेल्यावर पूर्व काय आणि पश्चिम काय?"

 अप्पांनी पिशवीतून ग्लोव्ह काढला, डाव्या हातात चढवला आणि त्या जागेवर जाऊन, अक्कांच्या समाधीकडे तोंड करून, उकिडवे बसले. दुखत असणार, कारण बसताना तोंड वाकडं झालं. मग उजवा हात गुडघ्यांच्या मधे गेला आणि एक बोट खाली आलं.

"आता ह्ये काय?" स्वामी ओरडले. "बोट कुणाला दावताय?"

"खूण हाय. एक बोट म्हंजी सरळ टाक. दोन म्हंजी वळवून."

"पर कुणाला?"

अप्पांनी हनुवटीनं समोर दाखवलं.

"हिला. रोज संध्याकाळी गच्चीवर हीच बॉल टाकायची की. सोलापुरात मला दुसरं कोण टाकणार? लग्नानंतर म्हनली, तुमी नुसतं सांगताय, धरून दावा बघू. पैल्यांदा बॉल निम्म्यातच पडायचा. मंग हात असा बसला, असा बसला... चादर बांधल्याबिगर समोर बसायची सोय न्हवती. तिचा गुडघा सुजला तरी टाकायची. आनि मी धरला की म्हनायची, त्यो पाय तुमचाच."

  मी चष्मा काढून पुसला, धंद्याची सवय.

स्वामींनी आवाज जरा खाली आणला. "बरं बाबा, टाकत व्हत्या. आता काय टाकणार त्या? बॉल कुटाय?"

"पिचरकडं."

"म्हंजी?"

"तिला बसिवताना तुमच्या समोरच दिला की मी. डाव्या हातात तुमी तिचं गळ्यातलं इष्टलिंग ठिवलं, उजव्यात मी बॉल ठिवला. पांढराच हुता, वर इभूत फासली."

स्वामींचं तोंड उघडंच राहिलं. "ते... ते बेलफळ न्हवतं?"

"न्हाय."

"मी त्याच्यावर बेलाची पानं वाहिली की वं!"

"वाहिली. मला लई बरं वाटलं."

आता इथं आभाळ कोसळणार म्हणून मी स्कूटरची किल्ली हातात घेतली.  पण स्वामींनी अक्कांच्या समाधीकडे बघितलं. मग उकिडव्या अप्पांकडे. मग पुन्हा समाधीकडे. मधल्या मोकळ्या पट्टीवरून त्यांचे डोळे असे सरकले, जणू खरंच काहीतरी उडत येतंय. आणि मग सगळी रुद्रभूमी दणाणेल अशा आवाजात त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आयला, मग ह्यांला पूर्वेला तोंड करून बसिवलं तर बॉल पाठीत बसंल की!"