शेणकिड्याच्या मुलीचा पांढरा फोटो

बालमित्रांनो, ही गोष्ट मला गेल्या आश्विनात, आमच्या कीटकशास्त्र विभागामागील गोठ्यापाशी, भार्गवराव नावाच्या एका वयस्कर शेणकिड्याने सांगितली. मी ती शक्यतो जशीच्या तशी देत आहे.

एका जंगलात शेणकिड्यांची वस्ती होती. शेणकिडा कोषातून बाहेर येतो तेव्हा फिकट आणि मऊ असतो. मग त्याच्या अंगातील टायरोसिन नावाच्या द्रव्यापासून काही रसायने तयार होतात. ती कवचातील प्रथिनांना एकमेकांशी घट्ट सांधतात, आणि त्याच क्रियेत कवच काळवंडते. म्हणजे, आजवरच्या संशोधनानुसार, काळेपणा आणि कणखरपणा बहुतांशी एकाच भट्टीतून निघतात.

वस्तीला याचे सोयरसुतक नव्हते. तेथे लग्नासाठीचा फोटो मुलगी पांढरी असतानाच काढण्याची रीत होती. मुलाचाही.

मंजुळा कोषातून बाहेर आली. तिच्या आईने, गोदाक्कांनी, तत्काळ काजव्याला बोलावून फोटो काढला. लगेच स्थळ आले. "मुलगी फोटोसारखीच हवी," असा निरोपही आला.

गोदाक्कांनी गोम वैद्यांकडून लेप आणला. तो ती रसायने तयारच होऊ देत नसे.

"आई, माझे पाय वाकतायत गं."

"वाकू देत. नाजूक दिसतात."

"आणि साळुंकी आली तर?"

"ती काय मुलगी बघायला येणार आहे?"

कार्यक्रमाच्या दिवशी पहाटे मंजुळाने दवाने लेप धुऊन टाकला. पाहुणे येईपर्यंत ती कुळकुळीत काळी झाली होती.

"ही शुद्ध फसवणूक आहे!" नवरदेव ओरडला. तो स्वतः डांबरासारखा काळा होता.

मंजुळाने त्याचा फोटो पुढे केला. त्यात तो भाताच्या शितासारखा पांढरा होता.

"हे आपणच का?"

"मुलांचं वेगळं असतं," त्याची आई म्हणाली.

तेवढ्यात साळुंकी झेपावली. तिने थेट मंजुळालाच चोचीत धरले. कवचावरून चोच घसरली. पुन्हा घसरली. साळुंकी वैतागून उडून गेली.

मंजुळा उठली. तिने अंग झटकले आणि पाहुण्यांसाठी मांडलेला शेणगोळा ढकलत ती चालू लागली.

गोदाक्का मागून ओरडल्या, "अगं, उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील!"

तात्पर्य: कवचामुळे फक्त जीव वाचतो, लग्न फोटोमुळे जुळते. म्हणून मुलांनो, आधी फोटो काढावा, कवचाचे नंतर पाहावे.

ता. क. नकार नेमका कोणी दिला, याची खातरजमा मला करता आली नाही. त्या दिवशीचे नवरदेव म्हणजे खुद्द भार्गवराव. ते म्हणतात, "आम्हीच दिला." ते अद्याप अविवाहित आहेत.