राजे भगवंतरावांच्या चौदा किलोंची हकीकत

आधी विघ्नहर्त्यास वंदन, मग कुलस्वामिनीस, आणि मग ज्या पायांनी ही मोहीम चालविली त्या पायांस. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, मार्गशीर्ष वद्य पक्षी, थंडी बहुत पडली असता, एका राज्यात, ज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही, तीन खोल्या आणि एक गॅलरी इतका ज्याचा मुलूख, तेथे राजे भगवंतराव राज्य करीत होते. वय एकसष्ट. कचेरीची चाकरी संपून सहा मास लोटले होते, आणि त्या सहा मासांत राजियांनी स्वयंपाकघरातील बरण्या तीन वेळा नव्याने लाविल्या, आणि राणीसाहेब कुमुदबाई यांस कांदा कैसा चिरावा हे समजाविले, आणि तरी दिवस सरेना, आणि मनात एकच भय बसले, की आजवर या घराचा भार आपण वाहिला, आता आपलाच भार घरास होणार. हे भय कोणास सांगितले नाही. मग एके सकाळी चहाचे समयी हुकूम जाहला, की सह्याद्रीच्या माथ्यावरून, घाटामागून घाट घेत, अकरा दिवस पायी चालावे, तंबू पाठीवर, शिधा पाठीवर, वाटेत गाडी म्हणून घेऊ नये. राजकन्या केतकी नोकरीनिमित्त दूर शहरी असत, त्याही रजा टाकून दाखल जाहल्या.

मग राजियांनी ताणकाटा आणविला आणि दाराच्या कडीस एकेक सॅक टांगून वजन केले. राजांची चौदा किलो, राजकन्येची नऊ, राणीसाहेबांची सात. तंबू, कुकर, गॅसची चूल, तांदूळ, डाळ, सारे राजांकडे. राणीसाहेबांस सात तरी झेपतील की नाही याची राजियांस चिंता, आणि ती चिंता त्यांनी शेजारी, जिन्यात, दूधवाल्यापाशी, सर्वत्र बोलून दाखविली. एक गोष्ट मात्र बोलले नाहीत. वैद्यांनी उजव्या गुडघ्यातील गादी झिजली म्हणून कागद लिहून दिला होता, तो कपाटात स्वेटरांच्या घडीखाली गेला. मग सुमुहूर्ते कूच जाहले. पहिल्याच दिवशीचा घाट असा उभा, की दुपार कलता कलता राजांचा गुडघा भरून आला, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि माथ्यावर पोहोचताच राजे एका दगडावर जे बसले ते उठेनात. सूर्यास्त पाहतो आहे, ऐसे सांगितले. सूर्य बुडाला, तरी राजे पाहतच होते. राणीसाहेब आणि राजकन्या शेजारी उभ्या राहून त्याच दिशेस पाहत्या जाहल्या.

दुसरे दिवशी पहाटे राजे पाण्याची बाटली घेऊन नित्याप्रमाणे झाडीकडे गेले, अर्ध्या घटकेने परतले, सॅक पाठीवर घेतली, आणि काय आश्चर्य सांगावे, ती हलकी लागली. तिसरे दिवशी त्याहून हलकी. चवथे दिवशी राजे चढावर गुणगुणू लागले. मग त्यांनी सिद्धांत मांडला, की अस्सल शरीर दोन दिवसांत डोंगरास सरावते, आणि तो सिद्धांत वाटेत भेटेल त्यास ऐकविला. सॅकमध्ये पाहण्याची गरज त्यांस पडत नसे. घरी तेहतीस वर्षे टॉवेलदेखील हाती मिळत आला, तोच शिरस्ता डोंगरावर चालू होता; मुक्कामी राजे नकाशा उलगडून बसत, आणि तंबू उभा राही, आणि स्वेटर हाती येई, आणि भात शिजे. राणीसाहेब मात्र दिवसेंदिवस मागे पडू लागल्या. चालताना वाकत, थांबत, भर दुपारी खांद्यांवर शाल घेत. राजांस हे पाहवेना. कधी म्हणाले, श्वास नाकाने घ्यावा. कधी म्हणाले, सात किलोंत ही गत, तर चौदात काय जाहले असते. पाचवे दिवशी तर एका पठारावर पाऊण तास वाट पाहावी लागली, तेव्हा तोंड फिरवून बोलले, की तुझ्यामुळे मोहीम बुडणार. राणीसाहेब फक्त "हो" म्हणाल्या आणि पाणी प्यायल्या.

सहावे दिवशी दुपारी एका वाडीत हौसाबाई म्हणून एकीच्या ओसरीवर चहास थांबले. हौसाबाई सत्तरीच्या, अंगाने काटकुळ्या. राजे खांबास टेकून बसले आणि चौदा किलोंची कथा प्रारंभापासून सांगू लागले, आणि कथा ऐन घाटात आली असता एक कोंबडी येऊन राजांच्या सॅकवर चढली. हौसाबाईंनी कोंबडीस हाकलले, आणि एका हातात चहाची किटली तशीच धरून, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी सॅक उचलली आणि खुंटीस अडकवून दिली.

"ह्यात कापूस भरलाय का काय, दादा?" ऐसे त्या म्हणाल्या, आणि चहा गाळू लागल्या.

राजे बोलता बोलता थांबले. राणीसाहेब कपात पाहू लागल्या, राजकन्या आढ्याकडे. मग राजे उठले, सॅक खुंटीवरून काढली, सहा दिवसांत प्रथमच आपल्या हाताने उघडली. वर स्वेटर. स्वेटराखाली हवा भरून फुगविलेल्या दोन उशा. उशांखाली प्लास्टिकच्या पिशवीत वाळले गवत, दाबून भरलेले. तळाशी सॅक कलंडू नये म्हणून एक बिस्किटांचा पुडा. याखेरीज काही नाही. हातातील गवत ओसरीभर सांडले तरी मूठ सुटेना. राजकन्या हळूच म्हणाल्या, की बाबा, पहिल्या दिवशी तुम्हांला उठता येत नव्हते ते आम्ही पाहिले, आणि आईला कपाटातला कागद आधीच सापडला होता, म्हणून तुम्ही पहाटे गेलात की आम्ही थोडे थोडे काढून घेत असू.

राजे राणीसाहेबांच्या सॅकपाशी गेले आणि पट्ट्यांत हात घालून उठू लागले. उठवेना. पुन्हा जोर केला, गुडघा कचकन् वाजला, आणि राजे ओसरीवर बसकण मारते जाहले. तंबू त्यात, कुकर त्यात, तांदूळ, डाळ, चूल, सारी रसद त्यात. तितक्यात राणीसाहेब त्यांस सावरावयास वाकल्या, आणि शाल घसरली, आणि दोन्ही खांद्यांवर पट्ट्यांचे काळेनिळे वळ दिसले, एका ठिकाणी कातडे सोललेले. ते पाहून राजे ऐसे हादरले, की उशांचा धक्का त्यापुढे काहीच नव्हे. नाकाने श्वास घे, ऐसे आपण या खांद्यांस सांगितले. मोहीम बुडणार, ऐसे या खांद्यांस सांगितले. लाजेने मान वर होईना.

राजे म्हणाले, "का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर त्याच दिवशी परत फिरला असता," राणीसाहेब म्हणाल्या. "आणि मग घरातच बसला असता. ते बघवत नव्हतं मला. आणि चाललात ते तुमच्याच पायांनी, ते काही आम्ही चाललो नाही तुमच्यासाठी."

मग राजियांनी हुकूम केला, की मोहीम येथेच संपली, हौसाबाईंनी एसटीची वेळ सांगावी, आणखी एक पाऊलही या खांद्यांनी ओझे वाहावयाचे नाही. हुकूम रास्त होता, आणि पश्चात्तापाने भरला होता, आणि राजांस वाटले की राणीसाहेब आता डोळे पुसतील. राणीसाहेबांनी बशी खाली ठेविली.

"तुम्ही जा एसटीनं," त्या म्हणाल्या. "मी आणि केतकी पुढे जातो."

राजांनी खांद्यांवरील वळांकडे बोट दाखविले.

"मला जमतंय हो हे. खांदे दुखतात, पण सकाळी उठले की कधी एकदा निघते असं होतं. सत्तावन्नाव्या वर्षी कळलं मला. आता अर्ध्यावर नाही सोडणार."

येथे राजांचा खरा घात जाहला. तेहतीस वर्षे राजे जिच्यासाठी थांबत आले ती बाई, राजांवाचून, पुढे जाते म्हणते, आणि रागाने नव्हे, आनंदाने म्हणते. एसटी चार वाजता खालच्या फाट्यावर येत होती. तीत बसले म्हणजे संध्याकाळी घर, आणि घरात पाच दिवस एकटे, आणि जे भय सहा मास उराशी धरले ते दारातच उभे असणार. न बसले म्हणजे बायकोच्या मागे, हलकी सॅक घेऊन, सर्वांदेखत चालणे. राजे ओसरीच्या कडेस बसून राहिले. साडेतीन वाजले. खाली फाट्यावरून कोणाची शिट्टी ऐकू आली. मग राजे उठले आणि राणीसाहेबांपुढे आपली रिकामी सॅक उघडून धरिली.

"मी काय घेऊ?" ऐसे विचारले. हा प्रश्न त्या राज्यात पूर्वी कोणी विचारलेला ऐकिवात नाही.

राणीसाहेबांनी विचार केला, आणि डाळ दिली, आणि दोघांचे कपडे दिले, आणि गुडघ्याकडे पाहून तेथेच थांबल्या. कुकर आणि निम्मे तांदूळ हौसाबाईंस देऊन बदल्यात एक हलके पातेले घेतले. तंबूचे कापड, चूल आणि उरले तांदूळ राजकन्येने घेतले, काठ्या राणीसाहेबांकडे राहिल्या. वळांवर हळद लागली, पट्ट्यांखाली राजांचा टॉवेल घडी करून बसविला. टॉवेल कोणत्या कप्प्यात असतो हे राजांस राजकन्येला विचारावे लागले. मग पुढे राणीसाहेब, मध्ये राजकन्या, आणि शेवटी राजे, ऐसे कूच जाहले.

अकरावे दिवशी अखेरचा घाट आला. राजे दर वळणावर बसत, आणि बसून उठत, आणि मागून कोणी येऊन पुढे जाऊ लागले तर वाट देत. माथ्यावर राणीसाहेब कधीच्या पोहोचल्या होत्या. वर उन्हात उभ्या राहून त्यांनी खाली पाहिले आणि हाक दिली, "सावकाश या. मी आहे इथे." आवाजात त्रास नव्हता, उपकार नव्हता, घाई नव्हती. आजवर दुसऱ्यांसाठी थांबताना आपला आवाज ऐसा कधी नव्हता, हे राजांस त्या क्षणी कळले, आणि ऐसे कळले, की वाटेतच उभे राहून राजे रडले. मग डोळे पुसून चालू लागले.

एणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. राणीसाहेब कुमुदबाई यांनी जिंकिली, राजकन्या केतकी यांनी साथ केली, राजे भगवंतराव मागाहून पोहोचले. हे शेवटचे वाक्य राजियांनी स्वतः बसून लिहवून घेतले, आणि एकही शब्द बदलू दिला नाही.