सहदेव म्हात्रे यांची शिकाऊ परवान्याची परीक्षा

वाहतुकीचे नियम ठाऊक असल्याशिवाय कोणालाही रस्त्यावर वाहन आणता येत नाही. हे तत्त्व आमच्या ठाणे जिल्ह्यात सर्वमान्य असून, या तत्त्वाची परीक्षा द्यायला बहुतेक उमेदवार स्वतःची गाडी चालवत येतात.

कोलशेतचे सहदेव म्हात्रे असेच आले. भाताच्या खाचरांवर टॉवर उभे राहिले तेव्हापासून त्यांच्या दारात गाडी आहे. परवाना तेवढा काढायचा राहून गेला होता (राहून गेलेल्या कामांच्या यादीत आमच्याकडे याचा नंबर मृत्युपत्राच्या जरा खाली लागतो). तो तसाच राहिलाही असता, पण त्यांची लेक दर्शना डोंबिवलीला दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण, म्हणजे ती माहेरी येणार आणि तिला आणायला बाप जाणार, हे ठरलेलंच. दर्शनाने फोनवर एकच अट घातली. "बाबा, आधी लायसन काढ. मगच मी पोटातल्या बाळाला घेऊन तुझ्या गाडीत बसेन."

"वीस वर्सां गारी चालवतंय मी," सहदेवराव म्हणाले, "माझी कोन परीक्षा घेनार?" पण लेक हटली नाही. तिच्या सासरी भाड्याच्या गाडीची चौकशी सुरू झाल्याचं कानावर आलं, तेव्हा त्यांनी मुकाट्याने अर्ज भरला. लेक परक्याच्या गाडीतून माहेरी आली तर गावात तोंड कुठे दाखवायचं, हा प्रश्न कुठल्याही परीक्षेपेक्षा अवघड होता.

परीक्षेची तारीख ऑनलाइन घ्यावी लागते. ही पद्धत अत्यंत पारदर्शक आहे, कारण तारखा नाहीत हे घरबसल्या स्पष्ट दिसतं. मोकळ्या होत्या त्या फक्त पितृपक्षातल्या. सौ. कमळाबाईंनी विरोध केला, पण दर्शनाचे दिवस भरत आले होते, तेव्हा पितरांची क्षमा मागून सहदेवराव संगणकापुढे बसले आणि सपशेल नापास झाले.

दोष पितरांचा नव्हता. सहदेवराव खोटं बोलत नाहीत, ही खरी अडचण. पिवळा दिवा लागल्यास काय कराल? वेग वाढवू. झेब्रा क्रॉसिंगवर पादचारी असल्यास? हॉर्न देऊन पुढे जाऊ. ओव्हरटेक कोणत्या बाजूने? जिथून गाडी घुसेल तिथून. आमच्या पाहणीनुसार (पाहणी टेंभी नाक्यावर चहा पिताना केली) शंभरातले ब्याण्णव चालक याच उत्तरांच्या भरवशावर रोज सुखरूप घरी पोचतात. उरलेल्या आठांची नोंद दुसरं खातं ठेवतं.

शेवटी मोटार ट्रेनिंग स्कूलच्या सूरजने त्यांना अभ्यासाची शास्त्रशुद्ध पद्धत शिकवली. "काका, सोपं आहे. आपण रोडवर जे करतो ना, त्या ऑप्शनला हातच नाय लावायचा." या सूत्राने असंख्य उमेदवार पार झाले आहेत. नवरात्रात सहदेवराव पुन्हा बसले आणि अव्वल गुणांनी उत्तीर्ण झाले.

सर्वसाधारणपणे ही उत्तरं कार्यालयाच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत विसरली जातात, आणि तशी ती विसरली जावीत अशी सगळी सोय बाहेरच्या रस्त्याने केलेली आहे. सहदेवरावांचं मात्र वय झालेलं. पाठ करायला त्यांना इतके कष्ट पडले होते की पाठ झालेलं निघेना. लेकीला आणायला डोंबिवलीला जाताना शीळफाट्याला ते सिग्नलवर थांबले. लेन धरून चालले. दोन रिक्षावाल्यांनी शेजारी येऊन त्यांना बरं नाही का, अशी आपुलकीने विचारपूस केली.

परवाना पाहून दर्शना गाडीत बसली. बापाचा परवाना शिकाऊ, तिचा पक्का, म्हणून ती शेजारी बसली, म्हणजे कायदाही बसला. डोंबिवलीतून निघताना एका शाळेपुढे झेब्रा क्रॉसिंगपाशी डाव्या फुटपाथवर भाजीची पिशवी घेतलेल्या एक आजी उभ्या होत्या. सहदेवराव थांबले. आजी हलेनात. गाडी आपल्यासाठी थांबते हा अनुभव त्यांना नवा होता. यात काहीतरी फसवणूक असावी असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

सहदेवरावांनी हात केला. "जा आये, सावकास जा."

दर्शनाने पोटावरचा हात उचलून बापाच्या हातावर ठेवला. आजींनी देवाचं नाव घेऊन एक पाऊल खाली टाकलं.

त्याच वेळी मागून हॉर्न सुरू झाला, आणि मागची गाडी डावीकडून कट मारून पुढे निघून गेली. आजी मागच्या मागे पडल्या. दर्शना किंचाळली.

त्या गाडीत तुम्ही होता. तुम्हाला घाई होती, हे आम्ही समजू शकतो. परवाना तुमच्याकडे पक्का आहे, आणि लेखी परीक्षा तुम्ही पहिल्या फटक्यात पास झाला होता. पडलेल्या आजी तुम्हाला दिसल्या नाहीत, हेही खरंच आहे. कोणी घासून जाऊ नये म्हणून डावा आरसा तुम्ही घरून निघतानाच मिटून घेतला होता.